सीट पुढे जाते, मागे येत नाही: जुन्या मर्सिडीजचा सीट-स्विच तपासणं, उघडणं आणि वाचवणं

प्रश्न थोडक्यात असा: १९९६ ची मर्सिडीज ई-२२०, म्हणजे कंपनीच्या मॉडेल-कोडात डब्ल्यू-१२४. सीटचे स्विच दारावर आहेत, मेमरी (सीटची ठरवलेली जागा लक्षात ठेवणारी सोय) नाही. ड्रायव्हरची सीट पुढे सरकते, पण मागे येत नाही. पाठ कधी हलते, तर कधी बटण तीन-चार वेळा दाबावं लागतं. उंचीचं बटण व्यवस्थित चालतं. वायरमनने मोटर बदलायला सांगितली आहे. मोटर घ्यायची की स्विच?

आत्ता दोन्ही घेऊ नका. पुढे जाताना जी मोटर नीट फिरते, ती मोटर बहुतेक चांगलीच आहे. सीटची मोटर ही साधी डीसी मोटर असते. तिच्या दोन तारांवरचं प्लस-मायनस उलटं केलं की ती उलटी फिरते. तिचे कार्बन (आत घासत वीज पोचवणारे ब्रश) झिजले असतील तर ती दोन्हीकडे अडखळेल, एकाच दिशेला मरणार नाही. दिशा ठरवण्याचं काम स्विचचं, म्हणून एकाच दिशेचा दोष दिसला की आधी स्विचवर संशय घ्यायचा. याला एकच अपवाद आहे, तो म्हणजे यांत्रिक अडथळा. सीटखाली मागच्या बाजूला पाण्याची बाटली, छत्रीची दांडी किंवा चॅनेलमध्ये, म्हणजे सीट सरकते त्या रुळात, पडलेलं नाणं अडकलं तरी हेच लक्षण दिसतं. टॉर्च घेऊन आधी तिथे बघा.

सीटच्याच आकाराची बटणं दारावर लावण्याची पद्धत मर्सिडीजने १९७९ च्या एस-क्लासमध्ये आणली आणि नंतर ती इतर मॉडेलांतही आली. पुण्यात पिंपरीला टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) आवारात १९९५ पासून डब्ल्यू-१२४ जोडली जाऊ लागली. त्या गाड्या आता तीस वर्षांच्या झाल्या आहेत. त्यामुळे हा दोष ठरावीक गाडीचा नसून वयाचा आहे, आणि खाली दिलेली बहुतेक पद्धत त्या काळच्या कोणत्याही मेमरी नसलेल्या विद्युत सीटला लागू पडते.

आधी सर्किट समजून घ्या

हे समजलं नाही तर चुकीचा पॉइंट (स्विचमध्ये धातू धातूला टेकतो ती जागा) घासत बसाल.

एका मोटरच्या दोन तारा स्विचमध्ये येतात. त्यांना आपण 'अ' आणि 'ब' म्हणू. बटणाला हात लावलेला नसताना अ आणि ब दोन्ही अर्थला, म्हणजे बॅटरीच्या मायनसला, जोडलेल्या असतात. बटण पुढे ढकललं की अ अर्थवरून सुटते आणि प्लसला लागते, ब मात्र अर्थवरच राहते. बटण मागे ओढलं की याच्या उलट होतं. म्हणजे कोणत्याही दिशेला दोन पॉइंट एकाच वेळी चांगले असावे लागतात: दाबलेल्या बाजूचा प्लसचा पॉइंट आणि न दाबलेल्या बाजूचा अर्थचा पॉइंट.

आता तुमचं लक्षण बघा. सीट मागे येत नाही याचा अर्थ ब चा प्लसचा पॉइंट खराब आहे किंवा अ चा अर्थचा पॉइंट खराब आहे. बरेच जण फक्त पहिला घासतात, स्विच बंद करतात, आणि सीट तशीच राहते. प्रत्यक्षात अर्थचे, म्हणजे विश्रांतीचे पॉइंट बरेचदा जास्त काळवंडलेले सापडतात, कारण ते कधी उघडले-मिटले नाहीत तर त्यांच्यावरचा थर घासून जात नाही. ज्या घरात एकच माणूस गाडी चालवतो आणि सीट महिनोन्महिने हलत नाही, तिथे हे हमखास होतं.

या मांडणीचा आणखी एक उपयोग आहे. दोन्ही टोकं अर्थला लागली की फिरती मोटर स्वतःलाच ब्रेक लावते आणि बटण सोडताक्षणी सीट थांबते. बटण सोडल्यावर सीट लगेच न थांबता किंचित घरंगळत असेल तर विश्रांतीचा पॉइंट नीट मिटत नाही असं समजा. मीटरशिवाय मिळणारी ही सर्वात चांगली खूण आहे.

तुमच्या सीटला मेमरी असेल तर सगळं चित्र बदलतं. तिथे स्विच फक्त मॉड्युलला, म्हणजे सीटच्या इलेक्ट्रॉनिक पेटीला, इशारा देतो आणि मोटरचा करंट मॉड्युलमधले रिले (छोट्या करंटवर चालणारे मोठ्या करंटचे स्विच) सांभाळतात. अशा स्विचचे पॉइंट जळत नाहीत, फक्त मळतात. तपासणीही वेगळी असते आणि मॉड्युलशी जोडलेल्या मोटरला बाहेरून बारा व्होल्ट देणं धोक्याचं असतं. पुढचं सगळं मेमरी नसलेल्या सीटसाठी आहे.

काही उघडण्याआधी: फ्यूज आणि व्होल्टेज ड्रॉप

डब्ल्यू-१२४ मध्ये आजच्यासारखे पात्यांचे फ्यूज नाहीत. लांबट, दोन्ही टोकं निमुळती, अंगावर धातूची उघडी पट्टी असलेले जुने युरोपियन फ्यूज आहेत: पांढरा ८ अँपिअर, लाल १६, निळा २५. कोणता फ्यूज सीटचा ते पेटीच्या तक्त्यावर बघा. पट्टी शाबूत दिसली म्हणजे फ्यूज चांगला असं धरू नका. स्वस्त फ्यूजची पट्टी अ‍ॅल्युमिनियमची असते, टोकाशी पांढरट पूड धरते आणि भार आला की तिथेच व्होल्टेज खाते. चावी बंद करून फ्यूज बोटाने जागच्या जागी दहा-बारा वेळा फिरवा. कधी कधी एवढ्यानेच अर्धमेली सीट जिवंत होते. तसं झालं तर दोन्ही बाजूंच्या पकडी साफ करा आणि तांब्याच्या पट्टीचा, त्याच अँपिअरचा फ्यूज बसवा. मोठा फ्यूज घालण्याचा मोह होईल, पण तो घालू नका. अडकलेली मोटर वीस अँपिअरच्या आसपास ओढू शकते, आणि मग फ्यूजच्या जागी दारातली तार तापेल.

यानंतर मीटर घ्या. इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी: ओहममीटरवर हा स्विच पास होतो आणि तरीही नापास असतो. मीटर पॉइंटमधून काही मिलिअँपिअर एवढाही करंट पाठवत नाही. समजा पॉइंटचा रोध ०.२ ओहम आहे. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध तेवढा असतो, म्हणजे तुम्हाला ते जाणवणारही नाही. पण माणूस बसलेली सीट सरकताना साधारण ५ ते ८ अँपिअर वाहतात. ८ अँपिअरला त्याच ०.२ ओहमवर १.६ व्होल्ट खाल्ले जातात आणि त्या टिचभर पॉइंटवर जवळपास १३ वॉट उष्णता तयार होते. सोल्डरिंगची छोटी इस्त्री २५ वॉटची असते, यावरून स्विचचं प्लास्टिक का वितळतं ते लक्षात येईल.

वाटेत असे खाल्ले जाणारे व्होल्ट म्हणजेच ड्रॉप, म्हणून तो मोजायचा भार चालू असताना. बॅटरीला चार्जर लावा किंवा गाडी मोकळ्या हवेत चालू ठेवा, नाहीतर सारखं बटण दाबून बॅटरी बसेल आणि आकडे फसवतील. स्विचचा कपलर (तारांचा जोड-प्लग) न काढता त्याच्या मागच्या बाजूने, तारेच्या कडेने बारीक टोकाचा प्रोब आत सरकवा. जर्मन वायरिंगमध्ये तपकिरी तार अर्थची आणि लाल तार थेट बॅटरीची. स्विचवर किंवा आकृतीत ३० लिहिलं असेल तर तो बॅटरीचा प्लस आणि ३१ म्हणजे अर्थ. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून, बटण दाबून धरलेलं असताना चार मोजमापं घ्या.

पहिलं, बॅटरीच्या प्लसपासून स्विचच्या ३० पर्यंत. इथे अर्धा व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष स्विचच्या आधीच आहे: फ्यूज, त्याची पकड किंवा दाराच्या बिजागरीतली तार. दुसरं, स्विचच्या ३० पासून दाबलेल्या बाजूच्या मोटरच्या तारेपर्यंत. हा प्लसच्या पॉइंटचा ड्रॉप. तिसरं, न दाबलेल्या बाजूच्या मोटरच्या तारेपासून ३१ पर्यंत, म्हणजे अर्थच्या पॉइंटचा ड्रॉप. चौथं, ३१ पासून बॅटरीच्या मायनसपर्यंत. चांगल्या पॉइंटवर ०.१ ते ०.२ व्होल्ट दिसतात. अर्ध्या व्होल्टला सफाई हवी. एक व्होल्टच्या वर गेलं तर तो पॉइंट आतून जळालेला असणार. एखाद्या ठिकाणी एकदम बारा दिसले तर तो पॉइंट मिटतच नाही, आणि तुमच्या 'मागे'च्या बाजूला तिसऱ्या किंवा दुसऱ्या मोजमापात नेमकं हेच दिसण्याची शक्यता जास्त आहे.

चारही ठिकाणी ड्रॉप कमी, मोटरच्या कपलरवर अकराच्या वर व्होल्ट, आणि तरी सीट गप्प, असं झालं तरच मोटरकडे वळा. सीटखाली हात घालून मोटरच्या अंगावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोकल्यावर ती फिरली तर तिचे कार्बन संपत आले आहेत. मोटर गुणगुणते पण सीट हलत नाही, किंवा एकच बाजू सरकून सीट तिरकी होते, तर मोटरपासून गिअरपर्यंत जाणारी लवचिक केबल तपासा. जुन्या जर्मन सीटमध्ये या केबलचं चौकोनी टोक झिजतं किंवा बाहेरची नळी आक्रसून केबल खोबणीतून निसटते. त्यात स्विचचा काही संबंध नाही.

दार उघडं असताना सीट चालते आणि मिटल्यावर बंद पडते, किंवा उलट, असं असेल तर स्विचला हातही लावू नका. दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीत तार तुटलेली आहे. तीस वर्षं वाकून वाकून तांब्याच्या काड्या आतल्या आत तुटतात आणि वरचं कव्हर अखंड दिसतं. एकेक तार हलकेच ओढून बघा. रबरासारखी ताणली गेली तर ती आतून गेली. जोड देताना त्याच जाडीची (साधारण २.५ चौ. मिमी) जास्त काड्यांची मऊ तार वापरा आणि जोड वाकणाऱ्या भागाच्या बाहेर, एकमेकांपासून थोडे पुढेमागे घ्या. वाकणाऱ्या जागी सोल्डर केलेला जोड काही महिन्यांत कडेलाच तुटतो.

स्विच काढणं

बॅटरीचा मायनस सोडा. रेडिओला कोड असेल तर तो आधी शोधून ठेवा. तुमच्या सीटमध्ये एअरबॅग नाही, पण हे वाचून कोणी दहा वर्षांनी नव्या गाडीवर काम करणार असेल तर सीटखालच्या पिवळ्या कपलरला बॅटरी सोडून किमान दहा मिनिटं झाल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि तो सुटलेला असताना चावी फिरवायची नाही.

प्लास्टिक थंड असताना काम करू नका. गाडी तासभर उन्हात ठेवा किंवा केस सुकवायच्या ड्रायरने स्विचभोवतीचा भाग कोमट करा. जुनं प्लास्टिक थंडीत काचेसारखं तडकतं. स्टीलच्या स्क्रू ड्रायव्हरऐवजी प्लास्टिकची पात वापरा आणि खाली चिकटपट्टी लावा. स्विच पुढून किंचित उचलून येत असेल तर छान. नाही आला तर जोर न करता डोअर पॅड (दाराचं आतलं कव्हर) काढा आणि मागून क्लिप दाबून तो बाहेर घ्या. पॅडच्या क्लिपांपैकी दोन-चार तुटतातच, त्यामुळे सहा-आठ क्लिपा आधीच आणून ठेवा.

पॅडमागे प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. तो फाडून टाकायची पद्धत गॅरेजांत सर्रास आहे आणि दारातल्या स्विचचं आयुष्य तिथेच निम्मं होतं. काचेच्या फटीतून दारात पाणी शिरणं अपेक्षितच असतं, ते खालच्या भोकांतून निघून जातं. ते पाणी आतल्या बाजूला येऊ न देण्याचं काम हा पडदा करतो. मुंबई-कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात पडदा नसलेल्या दाराच्या स्विचचं तांबं हिरवं पडतं. पडदा जपून सोडवा, परत ब्युटाइलच्या चिकट पट्टीने बसवा, आणि दाराच्या खालची भोकं चिखलाने बुजली असतील तर ती मोकळी करा.

कपलर काढल्यावर त्याच्या आतली टर्मिनलं एकेक बघा. एखाद्याभोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालं असेल किंवा धातूला निळसर झाक आली असेल, तर तिथे सैल पकडीने ऊष्मा धरला होता. नुसती पकड आवळून हे टर्मिनल टिकत नाही, कारण तापल्यावर त्याची स्प्रिंग गेलेली असते. त्याच मापाचं नवं टर्मिनल क्रिम्प करा, म्हणजे तारेवर दाबून बसवा. वायरचं टोक काळं असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापा.

स्विच उघडणं

मोठी परात घ्या, तिच्यात पांढरा टॉवेल पसरा आणि त्यावर काम करा. आतल्या स्प्रिंगा जेमतेम काही मिलिमीटरच्या असतात आणि उडाल्या की सापडत नाहीत. आणखी खात्री हवी असेल तर स्विच आणि दोन्ही हात मोठ्या पारदर्शक पिशवीत घालून झाकण उघडा.

सीटच्या आकाराची बटणं आधी सरळ वर ओढून काढा, तिरकी ओढलीत तर आतला खुंट तुटतो. कडेच्या लवण्यांमध्ये (झाकण अडकवून धरणाऱ्या लवचिक क्लिपांमध्ये) जुन्या सिमकार्डाच्या कापलेल्या पट्ट्या सरकवत जा, म्हणजे पहिली लवणी सोडवून दुसरीकडे जाईपर्यंत पहिली परत बसणार नाही. सगळ्या सुटल्यावर बटणांची बाजू खाली ठेवून तळ वर उचला. प्रत्येक थर निघताना फोटो काढा. आतली मांडणी उत्पादनाच्या वर्षानुसार थोडी वेगळी असते, त्यामुळे इंटरनेटवरच्या फोटोपेक्षा तुमचाच फोटो खरा.

आत दिसेल ते असं: प्रत्येक मोटरसाठी तांब्याच्या दोन लहान पट्ट्या, मधोमध टेकलेल्या, सी-सॉसारख्या डुलणाऱ्या. त्यांच्या टोकांवर चांदीचा मुलामा असलेले टिकलीएवढे पॉइंट, वरून स्प्रिंगने दाबणारे प्लास्टिकचे खुंट. आणि या सगळ्यावर काळपट-हिरवट, मेणासारखं घट्ट झालेलं ग्रीस. कारखान्यातून ते मऊ आणि पांढरट आलेलं असतं. त्यात तांब्याचा चुरा आणि ठिणगीचं कार्बन मिसळून ते असं होतं. ते पट्टीला पूर्ण डुलू देत नाही, त्यामुळे पॉइंट अर्धवट मिटतो, अर्धवट मिटलेला पॉइंट तापतो, आणि तापल्याने ग्रीस आणखी घट्ट होतं.

सफाई

जुनं ग्रीस बांबूच्या काडीने खरवडा. मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि नायलॉनचा ब्रश. दुकानात ते आयपीए नावानेच मागा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतं. पेट्रोल, थिनर, कार्ब्युरेटर क्लीनर, ब्रेक क्लीनर यांतलं काहीही वापरू नका. प्लास्टिक लगेच वितळलेलं दिसत नाही, पण त्यात बारीक चिरा पडतात आणि लवण्या बसवताना तुटतात. स्विच न उघडता फटीतून डब्ल्यूडी-४० मारण्याचा उपाय सगळीकडे सुचवला जातो. चार दिवस सीट चालतेही, कारण घट्ट ग्रीस तात्पुरतं सैल होतं. नंतर तो काळा गाळ पातळ होऊन पसरतो आणि आधी चांगले असलेले पॉइंटही मळतात.

पॉइंट घासताना हात आवरा. चांदीचा थर फार पातळ असतो. वरचा काळा थर हा चांदीवरचा सल्फाइड, आणि तो मऊ साधनाने निघतो. आयपीएत भिजवलेली जाड कागदाची पट्टी दोन पॉइंटांमध्ये धरून ओढा, मग पेन्सिलीच्या खोडरबराने पुसा. एवढ्याने राखाडी-पांढरा धातू दिसला तर तिथेच थांबा. खड्डा किंवा उंचवटा असेल तरच २००० नंबरचा पॉलिश पेपर, दोन-तीन हलके हात. पॉइंट तांबूस दिसू लागला तर चांदी संपली. तांब्याचा उघडा पॉइंट आज चालेल आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा बंद पडेल.

अशा वेळी नवा स्विच शोधण्याआधी त्याच स्विचमध्ये बघा. हेडरेस्टचं बटण जवळपास कोणी वापरत नाही आणि त्याच्या पट्ट्या नव्यासारख्या असतात. आकार आणि लांबी तंतोतंत जुळत असेल तर त्या पट्ट्या पुढे-मागेच्या जागी लावा आणि जळालेल्या हेडरेस्टकडे टाका. हेडरेस्टची मोटर लहान असते, तिला चालतं. स्प्रिंगांची अदलाबदलही अशीच करता येते. स्प्रिंग ताणून लांब करू नका, ती काही दिवसांत परत बसते.

एका दोषावर मात्र घरगुती इलाज नाही. पितळी टर्मिनलभोवतीचं प्लास्टिक वितळून टर्मिनल डगमगत असेल किंवा आत खचलं असेल, तर पॉइंटची उंची बदललेली असते आणि पट्टी कितीही साफ केली तरी पूर्ण टेकत नाही. एपॉक्सीने ते पक्कं केलं तरी पुढच्या तापण्यात सुटतं. हा स्विच सुट्या भागांसाठी ठेवा.

नवं ग्रीस अगदी कमी लावा. प्लास्टिक जिथे प्लास्टिकवर घासतं तिथे आणि पट्टीच्या मधल्या टेकूवर प्लास्टिकला चालणारं सिंथेटिक ग्रीस, टाचणीच्या टोकावर येईल एवढंच. ठिणगी पडते त्या पॉइंटांवर सिलिकॉनचं, म्हणजे बाजारात डायलेक्ट्रिक म्हणून मिळणारं ग्रीस लावू नये. ठिणगीच्या उष्णतेत सिलिकॉन जळून वाळूसारखा, वीज न वाहणारा थर उरतो. ते ग्रीस कपलरच्या रबरी सीलसाठी चांगलं आहे, तिथेच वापरा.

बसवण्याआधी टेबलावर भार देऊन बघा

स्विच मिटवल्यावर प्रत्येक बटण दोन्हीकडे वीस-पंचवीस वेळा दाबा. आता बॅटरी, पंधरा अँपिअरचा फ्यूज आणि ५५ वॉटचा हेडलाइटचा बल्ब घ्या. हा बल्ब साधारण साडेचार अँपिअर ओढतो, दोन समांतर लावले तर नऊ, म्हणजे मोटरच्या खऱ्या भाराएवढे. दोन बल्ब लावलेत तर फ्यूज वीसचा घ्या, कारण थंड तंतू सुरुवातीला क्षणभर बराच जास्त करंट ओढतो. स्विचच्या ३० ला प्लस, ३१ ला मायनस, आणि बल्ब अ-ब मध्ये. बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि प्रत्येक पॉइंटचा ड्रॉप मोजा, दोन्ही दिशांना. बल्ब लुकलुकला किंवा ड्रॉप हळूहळू चढत गेला तर परत उघडा. टर्मिनलला बोट लावून बघा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. ही परीक्षा पास झालेला स्विच दारात घातल्यावर सहसा दगा देत नाही.

पॉइंट का जळाले, तेही सोडवा

स्विच साफ करून थांबलात तर सहा महिन्यांत पुन्हा इथेच याल. पॉइंट जळण्याचं मूळ कारण बहुतेक वेळा सीटच्या चॅनेलमध्ये असतं. तिथलं ग्रीस सुकून त्यात धूळ, केस, खाऊचा चुरा बसतो, सीट जड होते, आणि चार अँपिअरचं काम दहा अँपिअरवर जातं. डीसी मोजणारा क्लॅम्पमीटर मिळाला तर एका तारेवर लावा. मोकळी सीट आणि बसलेली सीट यांतला फरक, आणि चॅनेलच्या कोणत्या टप्प्यावर आकडा उसळी घेतो, हे लगेच दिसतं. मल्टिमीटरच्या दहा अँपिअरच्या खाचेतून मोटर चालवू नका, अडकलेली मोटर मीटरचा फ्यूज उडवते.

चॅनेल साफ करायला सीट शेवटपर्यंत पुढे आणि शेवटपर्यंत मागे न्यावी लागते, कारण बोल्ट तिच्याखाली लपतात. स्विच बाहेर असताना मोटरच्या कपलरला फ्यूज असलेल्या दोन तारांनी थेट बॅटरी द्या, दिशा बदलायला तारा उलट करा. सीट टोकाला पोचली की लगेच सोडा. टोकाला नेऊन धरून ठेवलं तर गिअरचे प्लास्टिकचे दात जातात. जुनं ग्रीस केरोसीनच्या फडक्याने पुसा (खाली वर्तमानपत्र ठेवा, गालिच्याला वास महिनाभर राहतो), स्क्रूच्या आट्यांना दात घासायचा जुना ब्रश लावा, आणि पांढरं लिथियम ग्रीस पातळ थरात फिरवा. बोल्ट सोडलेत तर ते गाडीच्या पुस्तकातल्या टॉर्कनेच परत आवळा. अपघातात तुम्हाला जागेवर धरणारे ते बोल्ट आहेत.

पॉइंट वाचत नसतील तर

जुना स्विच घ्यायचा असेल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात जाताना तुमचा स्विच हातात घेऊन जा. डावा-उजवा, मेमरीचा-बिनमेमरीचा आणि पिनांची संख्या, हे तिन्ही जुळलं पाहिजे. भाग क्रमांक अंगावर कोरलेला असतो, तो पूर्ण जुळवा. आणि तोही तीस वर्षांचाच आहे हे लक्षात ठेवून बसवण्याआधी उघडून साफ करा.

दुसरा रस्ता रिलेचा. प्रत्येक मोटरला पाच पिनांचे दोन चेंजओव्हर रिले. दोन्हींची ३० ची पिन मोटरच्या एकेका तारेला, ८७अ अर्थला, ८७ फ्यूजमधून येणाऱ्या प्लसला. ८५ अर्थला, आणि स्विचकडून येणारी अ तार पहिल्याच्या ८६ ला, ब तार दुसऱ्याच्या ८६ ला. बटण दाबलं की एक रिले प्लसकडे उडी मारतो, दुसरा अर्थवर राहतो. मूळ सर्किट तसंच राहतं, फक्त स्विचमधून जेमतेम दीड-दोनशे मिलिअँपिअर वाहतात. रिलेच्या कॉइलवर (८५-८६ मध्ये) उलटा डायोड लावा, म्हणजे स्विचच्या पॉइंटवर ठिणगी पडणार नाही. तो आतच बसवलेले रिलेही मिळतात, फक्त त्यांची ८५-८६ ची दिशा पाळावी लागते. मोटरच्या बाजूची तार २.५ चौ. मिमीची ठेवा आणि अर्थ गाडीच्या मूळ अर्थच्या बोल्टवर घ्या, गालिच्याखालच्या एखाद्या रंगवलेल्या स्क्रूवर नको.

एवढा कमी करंट असला तरी पॉइंट स्वच्छ करावेच लागतात. जास्त करंट मळाचा थर जाळून वाट काढतो, कमी करंटला ते जमत नाही. मळलेल्या स्विचवर रिले लावले तर पूर्वी अडखळणारी सीट आता अजिबात हलणार नाही.

सगळं बसल्यावर चावी काढा, दारं मिटा आणि अर्ध्या तासाने बॅटरीच्या मायनसमध्ये मीटर घालून उभ्या गाडीचा करंट मोजा. पन्नास मिलिअँपिअरच्या आत असायला हवा. जास्त असेल तर सीटचा फ्यूज काढून बघा. आकडा खाली आला तर स्विचमध्ये एखादी पट्टी विश्रांतीच्या जागी पूर्ण परतत नाही किंवा एखादा रिले चिकटलाय, आणि ते त्याच दिवशी शोधा, कारण सतत करंट ओढत राहिलेली कॉइल काही दिवस उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी रिकामी करू शकते.